पाण्यातल्या नत्राचा हिशेब

पाणी खराब आहे, हे खुटबावात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. दौंड तालुक्यातलं हे गाव पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधे आहे. गावाच्या उत्तरेकडून मुळा-मुठा जाते. पुढे वाळकीजवळ ती भीमेला मिळते आणि संगमापलीकडे शिरूर तालुक्यातलं रांजणगाव सांडस लागतं. पुण्याचं सांडपाणी घेऊन आलेल्या नदीचा रंग, वास आणि उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे दाटणारी जलपर्णी इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं पाहिली आहे. पीएच.डी.साठी मी इथल्या विहिरींचे नमुने घ्यायला लागले तेव्हा सुरुवातीलाच एका वयस्कर शेतकऱ्यांनी मला विचारलं, "ताई, पाणी घाण आहे हे आम्हाला ठावं आहे. त्याच्यापुढचं तुम्ही काय सांगणार?"

पुण्यात परतल्यावर मी हे माझ्या मार्गदर्शक सरांच्या कानावर घातलं. त्यांनी तो प्रश्न कागदावर लिहून घेतला आणि म्हणाले, "हाच तुझा विषय." संशोधन समितीपुढे सारांश मांडायचा तो 'भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास' अशा सरधोपट शीर्षकाखाली नाही, असं त्यांनी बजावलं. विहिरीतलं नायट्रेट कुठून येतं, त्यात शहराचा वाटा किती आणि शेतातल्या खताचा किती, आणि हे कळल्यावर शेतकऱ्याला उद्या सकाळी काय वेगळं करता येईल, एवढे तीन प्रश्न आम्ही ठरवले. स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीतलं माझं सगळं संशोधन या तिसऱ्या प्रश्नाकडे जाण्यासाठी होतं, असं मी आज खात्रीने म्हणू शकते.

मावशी खुटबावला दिलेली, म्हणून राहायची सोय होती. पण हा पट्टा निवडायला त्याहून मोठं कारण होतं. इथे तीन वाटांनी पाणी येतं. पहिली वाट नव्या मुठा उजव्या कालव्याची. २०२ किलोमीटरचा हा कालवा खडकवासल्याचं पाणी घेऊन हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत जातो. दुसरी जुन्या कालव्याची, ज्याला सगळेजण बेबी कालवा म्हणतात. पूर्वी तोही धरणाचंच पाणी आणायचा. आता त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं, पुण्याच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडलेलं पाणी सोडतात. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी असं शेतीला परत द्यायचं आणि त्या बदल्यात शहराने धरणातून जादा पाणी घ्यायचं, असा त्यामागचा करार. तिसरी वाट थेट नदीची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे अडलेलं पाणी मोटरी लावून, पाइपलाइनी टाकून शिवारात आणलं जातं. या तिन्ही पाण्यांचा पाझर शेवटी विहिरीत उतरतो. दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या या भागात पाऊस इतका कमी की विहिरीचं पाणी बरंचसं या पाझरावरच टिकतं.

संदर्भ वाचताना मला इथला जुना इतिहास सापडला आणि कामाकडे बघायची माझी नजर बदलली. खुटबावशेजारच्या नाथाचीवाडीचा माटोबा तलाव १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळातल्या कामांपैकी. तो कालव्याच्या पाण्याने भरायचा. कालवे आले, त्यांच्यामागे ऊस आला, आणि काही दशकांतच दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनी पाणथळ आणि खारवट व्हायला लागल्या. हा प्रश्न सोडवण्यासाठी १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाचा एक खास विभाग उघडला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने तो वाढवला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच उभी राहिली. आज तिथे बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती तपासल्या जातात, पण या संस्थेचं मूळ चोपण होत चाललेल्या शेतात आहे. शंभर वर्षांपूर्वी अभियंत्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर बसून मातीतले क्षार मोजले होते. मी करत होते ते काम त्याच परंपरेतलं होतं, आणि या जाणिवेने मला कठीण दिवसांत मोठा आधार दिला.

कामाचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा. बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा, बाटल्यांच्या दोन पिशव्या आणि विद्युतवाहकता मोजणारा ईसी मीटर घेऊन मी शिवारात निघायची. नायट्रेटचा नमुना ४ अंश सेल्सियसला ठेवून ४८ तासांच्या आत तपासावा लागतो, नाहीतर बाटलीतले जिवाणू नत्राचं रूप बदलून टाकतात. धातू तपासायच्या बाटलीत मात्र नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात, म्हणजे धातू बाटलीच्या कडांना चिकटत नाहीत. आता नायट्रिक आम्ल म्हणजे स्वतःच नायट्रेट. त्याचा एक थेंब दुसऱ्या बाटलीत गेला तर विहीर बिचारी निष्कारण बदनाम होणार. म्हणून धातूंच्या बाटल्यांना लाल झाकणं, नायट्रेटच्या बाटल्यांना निळी, दोन्ही पिशव्या वेगळ्या, आणि आम्ल घालायचं ते निळ्या बाटल्या डब्यात बंद झाल्यावरच. दुपारच्या शटलने मी डबा मांडीशी धरून पुण्याला जायची आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत नमुने गाळायला बसायची. मावशी रोज दशम्या बांधून द्यायची. त्या बहुतेक वेळा उरुळी गेल्यावर सुटायच्या.

विहिरीने मला जे शिकवलं ते पुस्तकात असूनही मला आधी दिसलं नव्हतं. ज्या शेतकऱ्यांना मी तात्या म्हणते, त्यांच्या जुन्या बांधीव विहिरीला पायऱ्या आहेत. त्या उतरताना तात्या भिंतीवर हात ठेवून सांगत गेले. वर काळी माती, तिच्याखाली पांढरी चुनखड, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि सगळ्यात खाली काळा पाषाण. "पाणी खेळतं ते मांजऱ्यात. पाषाणाला चीर असली तर तिथनं. बाकी पाषाण मुका." भूशास्त्राच्या पुस्तकातला विदीर्ण आणि सच्छिद्र बेसॉल्ट मला तिथे बोटाने दाखवला गेला. मांजऱ्याच्या थरातून एका बाजूने बारीक झिरपा येत होता. तो कालव्याच्या बाजूचा होता. आवर्तन सुटलं की काही दिवसांत तो वाढतो आणि समोरच्या बाजूचा झरा तसाच राहतो, हे तात्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. मी दोन्ही झऱ्यांखाली वेगवेगळ्या बाटल्या धरल्या. एकाच विहिरीत दोन पाण्यांची विद्युतवाहकता वेगळी आली, म्हणजे त्यांतले विरघळलेले क्षार वेगळे होते.

त्या दिवसापासून मी गावाची सरासरी काढायचं सोडून दिलं. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांनी चालतं. शेजारशेजारच्या दोन विहिरी एकमेकींना ओळखतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक विहिरीचं पान वेगळं केलं. पाणी कोणत्या वाटेचं, शेवटची पाळी कधी झाली, खताचा हप्ता कधी टाकला, गोठा किती अंतरावर, शोषखड्डा कुठे. ही माहिती पुरुषांकडून जितकी मिळाली त्याहून अधिक बायकांकडून मिळाली. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, हे कोणत्या महिन्यापासून सुरू होतं ते त्यांना अचूक सांगता यायचं. पाण्याचा जडपणा आम्ही प्रयोगशाळेत मोजतो. त्यांच्या चुलीवर तो रोज मोजला जात होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तात्यांच्या आडसाली उसाच्या बांधावर बसून मी माझ्या वहीत एक हिशेब मांडला. तो इतका साधा आहे की कुणालाही करता यावा. आडसाली उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे सगळं युरियातून द्यायचं तर ४५ किलोच्या जवळपास आठ गोण्या एकरी. आता पाणी बघू. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण २५,००० घनमीटर पाणी लागतं. त्या पाण्यात लिटरमागे १५ मिलिग्रॅम नत्र आहे असं धरू. मैलापाण्यातलं नत्र याहून बरंच जास्त असतं, आणि शुद्धीकरण केंद्र नत्र काढण्यासाठीच बांधलेलं नसेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्यातही एवढं सहज राहतं. लिटरमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरमागे १५ ग्रॅम. २५,००० घनमीटरचे झाले ३७५ किलो.

तात्यांनी वही हातात घेतली आणि तो आकडा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे पाटानंच खत येतंय म्हणा की. मग दुकानातनं मी कशापायी आणतोय?"

हा प्रश्न माझ्या प्रबंधाचा कणा झाला. अर्थात हिशेबाला मर्यादा आहेत, आणि त्या मी तात्यांना तिथेच सांगितल्या. सगळ्या पाळ्या काही एकाच पाण्याच्या नसतात. पावसाळ्यात नदी पातळ होते. पाण्यातलं सगळंच नत्र पिकाला लागू पडत नाही, आणि उसाला लागतं त्याच वेळी ते येईल असंही नाही. पण निम्मं धरलं तरी ते काही गोण्यांइतकं होतं. तेवढं नत्र शेतात पाण्याबरोबर आलेलं असताना वरून पूर्ण हप्ता टाकला, तर उसाने न घेतलेलं जातं कुठे? मातीत त्याचं नायट्रेट होतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पुढच्या पाळीच्या पाण्याबरोबर ते मुरमात आणि मुरमातून मांजऱ्यात उतरतं. म्हणजे शेतकरी पैसे मोजून आपल्याच विहिरीत नायट्रेट सोडत राहतो. जादा नत्राने ऊसही नुसता पाल्यावर वाढतो आणि लोळतो. या पट्ट्यात गुऱ्हाळं पुष्कळ आहेत. गुळव्याला हे प्रयोगशाळेआधी कळतं. खारवट पाण्यावरचा, युरियाने फोफावलेला ऊस आला की गुळाला कण नीट धरत नाही आणि पावसाळ्यात ढेप पाघळते.

नायट्रेट कुणाचं, हा प्रश्न मात्र हिशेबाने सुटत नव्हता. त्यासाठी नत्राच्या समस्थानिकांची मदत घेतली. कारखान्यातला युरिया हवेतल्या नत्रापासून बनतो, म्हणून त्यातलं जड आणि हलक्या नत्राचं प्रमाण हवेसारखंच राहतं. मैलापाण्यातून आणि शेणखतातून आलेल्या नायट्रेटमध्ये जड नत्राचा वाटा वाढलेला असतो. तरीही माणसाचं मैलापाणी आणि गोठ्याचं पाणी यांत फरक करायला आणखी एक खूण हवी होती. ती सुक्रालोज या कृत्रिम साखरेने दिली. बिनसाखरेच्या गोळ्यांतून आणि पेयांतून ती पोटात जाते, शरीर ती बहुतांशी तशीच बाहेर टाकतं आणि मैलापाणी केंद्रातही तिचं फारसं विघटन होत नाही. दौंडच्या शिवारातल्या विहिरीत ती सापडली तर बहुधा शहरातलं पाणी तिथवर पोचलं आहे, असं समजावं.

गावाची अपेक्षा उघड होती. सगळा दोष पुण्यावर यावा असं बहुतेकांना वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण बऱ्याच विहिरींत दोन्ही खुणा एकत्र मिळाल्या. नदीच्या आणि जुन्या कालव्याच्या बाजूला शहराची खूण ठळक होती, लांबच्या विहिरींत खताची. मधल्या विहिरींत दोघांचं मिश्रण होतं. मला हे गावात जाऊन सांगायचं होतं, आणि सांगताना शहराची जबाबदारी तसूभरही कमी होता कामा नये, याची काळजी घ्यायची होती.

ती जबाबदारी मोठी आहे. मुळा-मुठेच्या प्रदूषण नियंत्रणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात ११ नवी केंद्रं आणि दररोज ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता आहे. शहर वाढत राहिलं आणि काम रेंगाळलं, त्या प्रत्येक वर्षाचा भार खालच्या गावांनी वाहिला. मैलापाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत न सोडणं हे शहराचं कर्तव्यच आहे. पण शुद्ध केलेल्या पाण्यातही नत्र उरतं आणि ते शेतीत वापरायचं तर त्याचं मोजमाप शेतकऱ्याला कळलं पाहिजे, हा वेगळा मुद्दा आहे आणि त्याकडे फार थोडं लक्ष जातं. मेक्सिको सिटीचं सांडपाणी शंभरहून अधिक वर्षं मेझ्कितालच्या खोऱ्यात शेतीला जातं. त्या पाण्याने तिथली भूजलपातळी वाढली, पिकं आली आणि भूजलात नायट्रेटही आलं. इस्राएल आपल्या सांडपाण्यापैकी बहुतेक सगळं शुद्ध करून शेतीला देतो. हे पाणी खतही आहे आणि दूषितही. मापून वापरलं तर कामाचं, न मापता वापरलं तर विहिरीच्या मुळावर येणारं.

या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते पिण्याच्या पाण्याने. मावशीच्या शेजारची एक नवी सून तान्ह्या बाळाला वरचं दूध देत होती. माझ्या हातात बाटल्या बघून तिने विचारलं, "ताई, पाणी उकळून घेतलं तर चालतं ना?" जंतूंसाठी चालतं. नायट्रेटसाठी मात्र उलटं होतं. उकळताना पाणी आटतं आणि नायट्रेट तिथेच राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, क्लोरीन, साधा गाळणीचा फिल्टर यांपैकी कशानेच ते जात नाही. आरओने बरंचसं जातं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, अंग निळसर पडू शकतं. मी तिला आईचं दूध शक्य तितकं चालू ठेवायला आणि वरच्या दुधासाठी तपासलेलं पाणीच वापरायला सांगितलं. संध्याकाळी तिच्या सासूबाईंनाही बसवून समजावलं, कारण घरात पाणी कुठलं भरायचं ते त्या ठरवायच्या. प्रबंधाच्या चारशे पानांत या संभाषणाला जागा नाही. मला मात्र ते माझ्या कामाचा भाग वाटतं.

या गावांत नमुने घेऊन गेलेली माणसं याआधीही येऊन गेली होती. बाटल्या भरल्या, फोटो काढले आणि पुन्हा दिसली नाहीत, अशी तक्रार मी अनेक तोंडांनी ऐकली. म्हणून मौखिक परीक्षेच्या आधी गावाला निकाल सांगायचा, हे मी सरांशी बोलून ठरवलं होतं. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. विहिरींना नुसते क्रमांक दिले. कुणाची विहीर कोणत्या क्रमांकाची, ते ज्याच्या त्याच्या हातात दिलेल्या चिठ्ठीवर होतं, कारण पाण्याचे आकडे सोयरिकीपर्यंत आणि जमिनीच्या भावापर्यंत पोचतात.

तिथे विचारले गेलेले प्रश्न विद्यापीठातल्या प्रश्नांपेक्षा अवघड होते. एकजण उठून म्हणाला, "तुमच्या सांगण्यावरनं निम्मा युरिया कमी केला आणि टनेज घटलं, तर भरून कोण देणार?" याला संशोधकाकडे उत्तर नसतं. मी सांगितलं की सगळ्या रानावर करू नका, काही सऱ्यांवर करा, आधी माती आणि पाणी तपासून घ्या, शेजारच्या सऱ्यांशी तुलना करा. तात्यांनी त्यांच्या खोडव्याचा एक तुकडा यासाठी काढून दिला आणि तिथे वजन-काट्यावर सगळं मोजलं जातं. एका तुकड्याच्या निकालावरून शिफारस करता येत नाही, म्हणून तो प्रबंधात घेतला नाही. पण बांधावरून जाणारा प्रत्येकजण तिथे थांबून ऊस बघतो, पानांचा रंग बघतो, आणि आपल्या पाण्यात किती नत्र आहे ते विचारतो.

या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. आमच्या शाखेतली डॉक्टरेट नवा आकडा शोधण्यासाठी असते हे खरं, पण तो आकडा निर्णय घेणाऱ्याच्या हातात वेळेवर पोचला तरच तो आकडा कामाचा. खुटबावच्या शेतकऱ्याला सहा वर्षांनी छापलेला शोधनिबंध उपयोगाचा नाही. त्याला पुढच्या आवर्तनातल्या पाण्यात लिटरमागे किती नत्र आहे, ते आवर्तन सुटण्याआधी हवं आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कालव्याचं आवर्तन जाहीर होतं तेव्हा पाणी कधी सुटणार आणि किती दिवस चालणार ते सांगितलं जातं. त्याच पत्रकात त्या पाण्यातलं नत्र आणि क्षार यांचे दोन आकडे छापले जावेत. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी तशीही होते. कालव्यावर आणि बंधाऱ्यांवर ती करायला पुण्याच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे प्रयोगशाळा आहे, विद्यार्थी आहेत आणि दौंडला जाणारी शटलही आहे. एका महाविद्यालयाने एक बंधारा घ्यावा, दर महिन्याला नमुना तपासावा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. त्याखाली एकच ओळ हवी, एकरी किती गोण्या कमी टाकल्या तरी चालतील याची. पदवी मिळाल्यावर मी यासाठी अर्ज करायला सुरुवात केली आहे, आणि पहिला अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह पाठवला आहे.